पदवीला असतानाच मानसशास्त्रात संशोधन? नक्की जमतं!

बीए मानसशास्त्रवाल्यांनो, संशोधनासाठी पीएचडीची वाट बघू नका! प्रॅक्टिकलमधला स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग घ्या. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापलेला, आणि सांगायचा शाईचा रंग. जीभ अडखळते, स्टॉपवॉच पळत राहतं. मराठी आणि इंग्रजी शब्दांना हा उशीर सारखाच होतो का? झाला तुमचा संशोधनप्रश्न!

🔹 आविष्कार: महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या या संशोधन स्पर्धेत पदवी विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट असतो.
🔹 चार वर्षांची पदवी: यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५% मिळाले, तर चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प घेता येतो.
🔹 सहभागींची लेखी संमती घ्या, नावं गुप्त ठेवा.

विभागातल्या सर-मॅडमना उद्याच भेटा. विषय छोटा चालेल, प्रश्न मात्र तुमचा स्वतःचा हवा!