नाकाबंदी दिसली, तर गाडी वळवू नका

अकोल्याचा नेहरू पार्क चौक असो की अमरावतीचा पंचवटी चौक, पुढे नाकाबंदी दिसली की दोन-चार दुचाक्या जागीच वळतात आणि राँग साइडने सुसाट निघतात. मागून येणारा ऑटो, एसटी, सायकलवरची शाळकरी पोर, कशाचंच भान राहत नाही. पाचशे-हजाराच्या दंडापायी माणूस स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव पणाला लावतो. शिवाय पोलिसांचा कायदेशीर आदेश न पाळणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 179 खाली वेगळाच गुन्हा आहे. त्याला 2000 रुपयांपर्यंत दंड आहे.

“गाडी साइडले घे भाऊ,” अशी हाक आली की इंडिकेटर देऊन डावीकडे या, गाडी बंद करून स्टँडवर लावा, हेल्मेट काढा. महामार्गावर तर जास्तच सावध राहायला हवं. जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरचा डांबरी थर टाकून गिनेस विक्रम झाला, तो याच अमरावती-अकोला रस्त्यावर. गुळगुळीत रस्त्यावर ट्रक भरधाव असतात, म्हणून मूर्तिजापूर किंवा बोरगाव मंजूजवळ कोणी थांबवलं तर डांबर सोडून पूर्ण कडेला उतरा आणि मगच बोला. बोलताना “काय झालं साहेब?” एवढं पुरतं. आमदाराला फोन लावायची घाई करू नये. त्याने प्रकरण मिटत नाही, उलट समोरचाही हट्टाला पेटतो.

खरी घाबरगुंडी उडते ती कागदपत्रांवरून. लायसन काढलंच नाही आणि लायसन आहे पण घरी राहिलं, या दोन गोष्टी कायद्याच्या लेखी फार वेगळ्या आहेत. पहिलीला कलम 181 खाली 5000 रुपये दंड आहे आणि कलम 207 खाली गाडीही ताब्यात घेता येते. दुसरीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम 139 मध्ये वाट ठेवलेली आहे. मागितलेली कागदपत्रं जवळ नसतील, तर साक्षांकित उतारे 15 दिवसांच्या आत सादर करता येतात. आता तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन, आरसी, विमा आणि पीयूसी कायद्याने ग्राह्य आहे. मात्र व्हॉट्सॲपवर आलेला आरसीचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. बाजार समितीत माल घेऊन निघालेल्या शेतकऱ्याने घरच्या पोराकडून हे ॲप एकदा भरून घेतलं, तर पुढची कटकट वाचेल.

लायसन ताब्यात घेतलं, तर पोचपावती मागा. कलम 206 नुसार ती देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. लायसन परत मिळेपर्यंत, किंवा पावतीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर त्या पावतीवर गाडी चालवता येते. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. कुणाकुणाचं लायसन केवळ पावती न मागितल्यामुळे हातातून जातं, याचं मला वाईट वाटतं.

हेल्मेट नसेल तर वाद घालू नका. महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून तडजोड शुल्क 500 रुपये आहे आणि कायद्यात तीन महिने लायसन निलंबित होण्याचीही तरतूद आहे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. चालान चुकीचं वाटलं, तर रस्त्यावर आवाज चढवण्याऐवजी ई-चालानचा नंबर, ठिकाण, वेळ टिपून घ्या आणि महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवा.

“शंभर देऊन मोकळं व्हा,” हा सल्ला पानठेल्यावर सर्रास मिळतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही आरोपी ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे. त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. ही तक्रार करायला धीर लागतो हे खरं, पण पावतीविना गेलेल्या पैशाचा हिशेब पुढे कुठेच मांडता येत नाही.

सगळ्यात काळजी वाटते ती पोरांची. क्लासच्या वेळेला अकोल्यातल्या रस्त्यांवर बारावीची मुलं घरची गाडी घेऊन ट्रिपल सीट फिरतात. पोलीस दिसला की तीच सर्वांत आधी पळतात. अठरा वर्षांखालचा मुलगा गाडी चालवताना गुन्हा करून बसला, तर कलम 199-अ खाली पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. हे चौकातल्या पोलिसाने सांगण्याआधी आईवडिलांनी किल्ली देतानाच सांगावं.