बेसिन तुंबतंय? आधी खालची बाटली उघडा

चूळ भरल्यावर पेस्टचा फेस जाळीभोवती रेंगाळू लागला, की समजावं पाइप भरत आला आहे. याच टप्प्यावर हात घातला तर काम घरच्या घरी, फुकटात होतं. दुकानातून पाइप मोकळा करायची पावडर आणण्याची घाई मात्र करू नये.

अडतं कुठे?

बेसिनचा पाइप बहुधा सव्वा इंची, म्हणजे 32 मिमीचा असतो. जाळीखाली आधी केस अडकतात, मग त्यांवर पेस्ट, साबण, दाढीचा फेस चिकटत जातो. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून पाण्यात न विरघळणारा पांढरट चिकटा तयार करतं. टॉर्च मारून चिमट्याने जाळीतले केस ओढून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

बाटली उघडताना

बेसिनखाली बाटलीसारखा भाग असतो, तो बॉटल ट्रॅप. त्यात कायम थोडं पाणी साठलेलं असतं आणि त्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. गाळही तिथेच बसतो.

खाली बादली ठेवा. बाटलीची खालची वाटी खालून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. हाताने हलली नाही तर फडकं गुंडाळून पान्हा लावा, म्हणजे चकाकी खरवडली जाणार नाही. काळं, घाण वासाचं पाणी पडेल, त्यासाठी हातमोजे हवेत. वाटी जुन्या ब्रशने घासा आणि आत लोंबणाऱ्या नळीतही ब्रश फिरवा, कारण केसांचा गुंता तिथे असतो. रबरी वॉशर चिरला असेल तर तेव्हाच बदला. बादलीतलं पाणी सवयीने त्याच बेसिनमध्ये ओतू नका, ते थेट पायावर येईल! वाटी बसवल्यावर नळ सोडून सांध्यावर कोरडा कागद फिरवा. ओला झाला तर वॉशर नीट बसलेला नाही.

प्लंजर

बेसिनच्या कडेला जास्तीचं पाणी जाण्याचं भोक असतं, प्लंजर मारताना ते ओल्या फडक्याने दाबून धरा. नाहीतर सगळा दाब तिथूनच निघून जातो.

पावडर, व्हिनेगर, उकळतं पाणी

खायचा सोडा आणि व्हिनेगर फसफसतात, पण एकमेकांना मारून टाकतात. केस जसेच्या तसे राहतात. उकळतं पाणी पीव्हीसी पाइपला सोसत नाही, हाताला सोसेल इतपतच गरम घ्या. पावडरीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात प्रचंड तापतो, कातडी आणि डोळे भाजतो. त्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. मला तरी घरच्या बेसिनसाठी हा धोका पत्करण्यासारखा वाटत नाही.

प्लंबर कधी?

बाटली साफ असूनही पाणी अडत असेल, किंवा मोरीतल्या जाळीतूनही वर येत असेल, तर अडथळा पुढच्या लाइनमध्ये आहे. प्लंबरला बोलवा आणि आधी पावडर टाकली असेल तर पाइप उघडण्यापूर्वीच त्याला सांगा. ते पाणी त्याच्या हातावर पडणार आहे.