वीस गुणांचा उलटा पेपर

शाळेत जास्त गुण म्हणजे जास्त हुशारी. पण एक पेपर असाही आहे, ज्यात जास्त गुण म्हणजे जास्त अडचण. त्याचं नाव 'आयडियाज'. स्किझोफ्रेनियासारख्या मनाच्या आजाराने माणसाचं रोजचं जगणं किती अडलंय, हे मोजायची ही पट्टी भारतातल्याच मानसोपचारतज्ज्ञांनी तयार केली. दिव्यांग प्रमाणपत्र देताना सिव्हिलमधले डॉक्टर तीच वापरतात. विषय चार: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. आजार किती काळ आहे, त्याचे आणखी चारपर्यंत. एकूण वीस. सात गुण पडले की दिव्यांगत्व 40 टक्के धरलं जातं आणि बऱ्याच सरकारी योजनांचं दार उघडतं. वीसपैकी सात म्हणजे बरोबर 35 टक्के. दहावीत पास व्हायला लागतात तेवढेच!

खरं नवल पुढे आहे. हे प्रमाणपत्र घेऊन संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानासाठी तहसीलमध्ये जायचं, तर काय काय करावं लागतं ते पाहा. सकाळी उठून, आवरून वेळेत पोचायचं: हा पहिला विषय. रांगेत अनोळखी माणसांना खेटून उभं राहायचं, खिडकीतल्या साहेबांचा त्रासिक स्वर सोसायचा: दुसरा. अर्ज वाचायचा, विचारलं तेवढंच नीट सांगायचं: तिसरा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, बँकेचं पासबुक अशी जमवाजमव दिवसेंदिवस चिकाटीने करायची: चौथा. म्हणजे ज्या चार गोष्टी जमत नाहीत म्हणून डॉक्टरांनी गुण दिले, त्याच चार गोष्टी कार्यालय अर्जदाराकडून मागतं. ज्याला वीसपैकी वीस, त्याचं काम सगळ्यात अवघड. घरचं कुणी सोबत असेल तरच निभावतं.

यात मेंदूचं एक काम असं आहे, जे आपल्या कधी लक्षातही येत नाही. काल काय झालं ते आठवणं वेगळं आणि येत्या मंगळवारी काय करायचंय ते मंगळवारीच आठवणं वेगळं. ही पुढची आठवण. कुणी विचारत नसताना ती आपली आपण जागी व्हावी लागते. स्किझोफ्रेनियात अनेकदा हीच दुबळी होते. नैराश्यात आठवण असली, तरी उठून सुरुवात करण्याचं बळ नसतं. कुणाच्या कानात आवाज येत असतात आणि त्या गलक्यातच आपला टोकन नंबर ओळखायचा असतो. खिडकीच्या आतून मात्र एवढंच दिसतं: 'बोलावलं तेव्हा आला नाही.' अर्जावर शेराही तोच पडतो. आळस आणि आजार बाहेरून अगदी सारखे दिसतात.

हा पेच एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथल्या सोशल सिक्युरिटी खात्याने 1980च्या आसपास एक छुपा ठोकताळा धरला होता: मनाचा आजार ठरलेल्या यादीइतका गंभीर नसेल, तर हा माणूस साधं अकुशल काम करू शकतो असं मानायचं आणि दिव्यांगत्वाचा लाभ नाकारायचा. माणूस नीट तपासायचाच नाही. न्यूयॉर्क राज्यात याचा फटका बसलेले 50,000हून जास्त लोक असावेत असा अंदाज होता. लाभ नाकारलेली माणसं शेवटी शहराच्याच दारात येणार, म्हणून न्यूयॉर्क शहरच कोर्टात गेलं. खात्याचं उत्तर कायद्याला धरून होतं: दाद मागायला 60 दिवस होते, अनेक अर्जदारांनी ते घालवले. 1986 मध्ये न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की ठोकताळा लपवून ठेवलात, तर मुदतीचं घड्याळ त्यांच्यावर चालवता येणार नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, अपिलांच्या पायऱ्या चढण्याच्या त्रासानेच अशा माणसाचा आजार बळावू शकतो, हे त्यांनी मान्य केलं. कागदांच्या फेऱ्या नुसता वेळ खात नाहीत, प्रकृतीही खातात, याची ही न्यायालयीन नोंद!

मग इलाज काय? एक जर्मनीत पाहायला मिळतो. तिथे 'सोपी भाषा' नावाची नियमांनी बांधलेली लिहिण्याची रीतच आहे. एका वाक्यात एकच गोष्ट. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर. लांबलचक जोडशब्द मध्ये रेघ देऊन फोडायचे. आणि सगळ्यात सुंदर भाग: मजकूर झाला की तो तपासतात ज्यांना समजायला वेळ लागतो तीच माणसं. त्यांना कळलं नाही तर चूक लिहिणाऱ्याची. ज्याला आयुष्यभर 'तुला कळत नाही' असं ऐकवलं, तो इथे परीक्षक होतो! 2018 पासून अशा माणसाने मागणी केल्यास तिथल्या केंद्रीय कार्यालयांनी निर्णयपत्रही या भाषेत समजावून द्यायचं असतं.

हे मराठीत करून पाहू. आपल्या ओळखीचं पत्र असं असतं: 'सदर अर्जासोबत विहित नमुन्यातील दाखला जोडलेला नसल्याने त्रुटीपूर्तता 15 दिवसांत करावी, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल.' आता तेच असं:

तुमच्या अर्जात एक कागद नाही.
तो कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला.
तो 20 जूनपर्यंत आणून द्या.
नाही दिला तर अर्ज बंद होईल.
जमत नसेल तर आम्हाला सांगा.
आम्ही मदत करू.

पहिल्या पत्रातले 15 दिवस कधीपासून मोजायचे, हे तुम्हाआम्हालाही कळलं नव्हतं. दुसऱ्यात तारीखच आली. पुढच्या आठवणीचं निम्मं ओझं कागदाने उचललं. आदल्या दिवशी एक फोन गेला तर उरलेलं निम्मंही उतरेल.

आपल्या 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातही 'वाजवी सोय', म्हणजे गरजेनुसार करता येण्याजोगा बदल, नाकारणं हा भेदभावच धरला आहे. मग तो वीस गुणांचा पेपर एकदा कार्यालयापुढेही ठेवून पाहावा. माणसांशी वागणं किती जमतं? काम? आणि 'संवाद आणि समज' या रकान्यात त्या 'त्रुटीपूर्तता'वाल्या पत्राला चारपैकी किती गुण द्याल? लक्षात असू द्या, पेपर उलटा आहे.