मंद्र सुरांची साथ : बेस गिटार व पेडलें यांची निवड

(नभोवाणीवरील भाषण)

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत आमच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता व मी त्यांत बेस गिटार वाजवीत होतों. शिकवण्या करून सांठविलेल्या पैशांतून मीं नुकतेंच एक पेडल आणलें होतें. पेडल म्हणजे पायानें दाबावयाची लहानशी डबी. गिटारमधून निघालेला विजेचा संदेश तींतून जातांना बदलतो, आणि सूर कधीं खरखरीत, कधीं लांबट, तर कधीं पाण्यांत थरथरल्यासारखा होतो. घरीं तें पेडल दाबलें कीं माझ्या खोलीचीं तावदानें हादरत. रंगमंचावर तिसऱ्या गाण्याच्या ऐन भरांत मीं तें मोठ्या ऐटीनें दाबलें, आणि माझें वाद्य जणूं नाहींसें झालें! खरखर ऐकूं येत होती. परंतु सुराचा पाया कोणी काढून घेतल्यासारखें झालें. ड्रम वाजविणाऱ्या मित्रानें चमकून मान वर केली, गाणारी मुलगी अर्ध्या सुरानें घसरली, आणि मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. दोष तिचा नव्हता. तो माझ्या पायाखालीं होता.

त्या फजितीनें मला जो धडा शिकविला तोच आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. बेस गिटार असो कीं पेडल असो, तें घरीं एकट्यानें वाजवून कसें वाटतें यावरून निवडूं नये. चौघांच्या मेळांत, मोठ्या आवाजांत, परक्या सभागृहांत तें इतरांच्या पायाखालची जमीन शाबूत ठेवतें कीं नाहीं, यावरूनच त्याची पारख करावी.

हें वाद्य आलें कोठून, हें आधीं पाहूं. पाश्चात्त्य वृंदांत खालच्या सुरांचें काम पूर्वीं ‘डबल बेस’ करी. व्हायोलिनच्या थाटाचें हें पुरुषभर उंचीचें वाद्य. त्यास पडदे नाहींत. म्हणून सूर नेमका लावण्यास दीर्घ तालीम हवी. प्रवासांत तें वागविणें म्हणजे शिक्षाच, आणि ड्रम व विजेची गिटार यांच्या गदारोळांत त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेंत सिॲटल येथील पॉल टटमार्क यानें १९३० नंतरच्या दशकांत गिटारसारखी आडवी धरावयाची विजेची बेस तयार केली होती; पण तिचा फारसा प्रसार झाला नाहीं. १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर यानें ‘प्रिसिजन बेस’ बाजारांत आणली. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर. गळ्यावर धातूचे पडदे असल्यामुळें सूर अचूक लागे, म्हणून तिला ‘अचूकपणा’ या अर्थाचें नांव मिळालें. पुढें तें वाद्य जगभर गेलें. मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळांत राहुलदेव बर्मन यांच्या वृंदांत टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. ज्यांनीं तीं चित्रपटगीतें ऐकलीं आहेत, त्यांनीं हा सूर, नांव न जाणतां, ऐकलेलाच आहे.

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असतां सेकंदास सुमारें ४१ कंपनें होतात. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारणतः सत्तरीच्या घरांत असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा सूर किती खोल आहे याची कल्पना येईल. इतक्या खोल सुरांच्या बाबतींत आपला कान मोठा लहरी आहे. अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत फ्लेचर व मन्सन या दोघां शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखविलें कीं, एकंदर आवाज लहान असतां खालचे सूर कानाला फारच क्षीण भासतात, आणि आवाज मोठा होऊं लागला कीं ते झपाट्यानें वर येतात. घरीं हळू वाजवितांना वादक खालच्या सुरांची कळ सढळ हातानें फिरवितो, याचें कारण हेंच. तीच कळ तशीच ठेवून तो रंगमंचावर चढतो, आणि सभागृहांत सुरांऐवजीं नुसता घुमारा भरतो.

दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. आपल्या घरांतील लहानशा रेडिओचा कर्णा ४१ कंपनांचा सूर बहुधा काढूंच शकत नाहीं. तरीहि गाण्यांतील बेस आपणांस ऐकूं येतो. कोणत्याहि तारेच्या मूळ सुराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपसूर निघत असतात. तंबोऱ्यांतून आपोआप उमटणारा गंधार हा त्याच जातीचा. हे उपसूर कानीं पडले कीं आपला मेंदू त्यांवरून मूळ सुराची जागा स्वतःच भरून काढतो. सारांश, श्रोत्याला बेस ओळखूं येतो तो त्याच्या तळामुळें जेवढा, तेवढाच त्याच्या मध्यभागामुळें. घरीं जो सूर किंचित् नाकांतला, कोरडा वाटतो तोच वृंदांत स्पष्ट उमटतो. आणि घरीं जो लोण्यासारखा मऊ वाटतो तो वृंदांत विरघळून जातो.

आतां वाद्याच्या निवडीकडे वळूं. पहिला प्रश्न हाताचा व खांद्याचा. फेंडरनें तारेची लांबी ३४ इंच ठरविली. आजहि तीच सर्वाधिक रूढ आहे. लांब तारेला ताण अधिक, म्हणून खालचा सूर ठसठशीत निघतो. पण पहिल्या पडद्यांवर बोटें बरींच फांकावीं लागतात. ज्यांचा पंजा लहान आहे त्यांनीं ३० इंची वाद्याचा विचार करण्यास संकोच बाळगूं नये. जर्मनींतील हॉफनर कारखान्यानें १९५६ सालीं काढलेली व्हायोलिनच्या आकाराची बेस याच आंखूड जातीची. बीटल्स वृंदांतील पॉल मॅकार्टनी यानें १९६१ सालीं हँबर्ग येथें तीच विकत घेतली. वजनाकडेहि पाहावें. चार किलोंचें वाद्य दुकानांत पांच मिनिटें सहज पेलतें. तीन तासांच्या कार्यक्रमांत तेंच खांदा मोडतें. म्हणून दुकानांत पट्टा अडकवून उभें राहावें व दोन्ही हात सोडावे. वाद्याची मान जमिनीकडे झुकूं लागली, तर डाव्या हाताला सूर धरण्याबरोबर वाद्य उचलण्याचेंहि काम करावें लागेल हें समजावें.

दुसरा प्रश्न गुणगुणीचा. तारांखालीं चुंबक व तांब्याच्या बारीक तारेचीं वेटोळीं बसविलेलीं असतात. या संचास पिकअप म्हणतात. तारेचीं कंपनें टिपणारीं हीं वेटोळीं आसपासच्या विजेचीहि चाहूल टिपतात. आपल्याकडील वीज सेकंदास ५० वेळां आंदोलते, आणि बेसच्या जाड तारेवरील तिसऱ्या पडद्याचा सूर आहे ४९ कंपनांचा! म्हणजे ही गुणगुण येते ती नेमकी आपल्याच अंगणांत. गणेशोत्सवाच्या मांडवांत, जेथें दिव्यांच्या माळा व ध्वनिवर्धक एकाच जोडणीवर लोंबत असतात, तेथें हा उपद्रव फार होतो. प्रिसिजन बेसच्या पिकअपचे १९५७ सालीं दोन तुकडे करण्यांत आले. त्या दोहोंची रचना परस्परांविरुद्ध असल्यामुळें गुणगुण आपोआप छाटली जाते. १९६० सालच्या जाझ बेसला दोन स्वतंत्र पिकअप आहेत. दोन्ही सारखे उघडे ठेवले तर शांतता, एकच उघडला तर गुणगुण. जाझ बेसच्या सुरांत विविधता अधिक. परंतु रोज नव्या मांडवांत वाजविणाऱ्यास प्रिसिजनचा एकमार्गी स्वभाव पुष्कळदां अधिक उपयोगी पडतो.

कांहीं वाद्यांच्या पोटांत बॅटरीवर चालणारा छोटा वर्धक असतो. अमेरिकेंतील म्यूझिक मॅन कंपनीची १९७६ सालची ‘स्टिंगरे’ ही त्या पद्धतीची प्रसिद्ध बेस. तिचा सूर चमकदार निघतो. परंतु केबलचें टोक वाद्यांत खोंचलेलें असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते. रात्रीं केबल काढण्यास विसरणाऱ्या माणसानें बॅटरीविरहित साधें वाद्यच घ्यावें! पांचवी तार सुमारें ३१ कंपनांपर्यंत खालीं जाते. गाणाऱ्याच्या सोयीसाठीं ज्यांना वारंवार पट्टी उतरवावी लागते त्यांस तिचा खरा उपयोग. इतरांनीं ते पैसे चांगल्या तारांवर व वाद्य नीट लावून घेण्यावर खर्च करावे. डेट्रॉइटच्या मोटाउन ध्वनिमुद्रणशाळेंत असंख्य गाण्यांना साथ करणारा जेम्स जेमर्सन साध्या प्रिसिजन बेसवर, चपट्या वेटोळ्याच्या जुन्या तारा लावून वाजवी. गोल वेटोळ्याच्या नव्या तारा अधिक झणझणीत वाजतात खऱ्या. पण वृंदांत झांजा आणि दोन गिटारी असतील तर तो झणझणाट कोणाला हवा, हें आधीं ठरवावें. शिवाय आपल्या दमट पावसाळ्यांत लांकडी मान वांकते व तारा पडद्यांना घासूं लागतात; ती सरळ करून घेण्याची मजुरी पहिल्या दिवसापासूनच हिशेबांत धरावी.

आतां पेडलें. पहिलें पेडल सूर जुळविण्याचें घ्यावें. त्यांत चमत्कार कांहींच नाहीं. दिवे पाहून तारा जुळवावयाच्या, आणि तेवढा वेळ प्रेक्षकांकडे जाणारा आवाज बंद राहतो. परंतु बेस उतरलेली असली तर अख्खा वृंद बेसुरा ठरतो, म्हणून याचा मान पहिला. दुसरें ‘कॉम्प्रेसर’. तें जोराचा आघात आटोक्यांत ठेवतें व हळू छेडलेला सूर वर उचलतें, त्यामुळें साथ एकसारखी वाटते. मात्र त्याची कळ फार पिळली तर वादनांतला जीव जातो.

तिसरें ‘फझ’, म्हणजे माझी फजिती करणारें खरखरीचें पेडल. गंमत अशी कीं, या खरखरीचा जन्मच बेसच्या जातीच्या वाद्यांतून झाला. मार्टी रॉबिन्स याच्या १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गीताच्या वेळीं नॅशव्हिल येथें ग्रॅडी मार्टिन हा सहा तारांची बेस वाजवीत असतां ध्वनिमुद्रणयंत्रांत बिघाड झाला व सूर फाटून निघाला. तो फाटका सूर तसाच ठेवण्यांत आला आणि लोकांना आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यानें तोच परिणाम साधणारी युक्ति जुळविली, आणि १९६२ सालीं गिब्सन कंपनीनें ती ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नांवानें विक्रीस आणली.

मग माझा सूर कां हरपला? सूर फाटला कीं उपसुरांचा भरणा अतोनात वाढतो व मूळ सुराचा वांटा घटतो. ते वरचे उपसूर गिटारीच्या व झांजांच्या गर्दींत मिसळून जातात, आणि कानाला मूळ सुराचा माग लागत नाहीं. त्यांतून पेडल साध्या गिटारसाठीं घडविलेलें असेल तर त्यांतील लहान कपॅसिटर खालचीं कंपनें वाटेंतच अडवितात. यावर उपाय एकच : मूळ सूर व फाटका सूर यांचें प्रमाण ठरविणारी ‘ब्लेंड’ नांवाची कळ ज्यावर आहे तेंच पेडल घ्यावें, आणि निम्मा तरी मूळ सूर कायम ठेवावा. सूर थरथरविणारें ‘कोरस’ व प्रतिध्वनि उमटविणारें ‘डिले’ एखाद्या संथ गाण्यांत शोभतें. पण खोल सुरावर प्रतिध्वनि चढला कीं चिखल होतो, हें विसरूं नये.

रांगेंतील शेवटची जागा ‘डी. आय.’ पेटीची. ती आपला संदेश लांब केबलीवरून सभागृहाच्या ध्वनियोजकाकडे निर्मळ पोंचवते. परगांवीं भाड्याचा वर्धक कसा मिळेल याचा भरंवसा नसतो. ही पेटी जवळ असली म्हणजे आपला आवाज आपल्याबरोबर प्रवास करतो. बहुतेक पेडलें ९ व्होल्टवर चालतात. परंतु धन टोक कोणतें व ऋण कोणतें हें डबीवरील खुणेवरून पाहिल्याखेरीज वीज जोडूं नये.

विजेचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट कळकळीनें सांगतों. गुणगुण थांबावी म्हणून प्लगची जमिनीशीं जोडणारी तिसरी, जाड पिन काढून टाकणारे लोक मीं पाहिले आहेत. बेसच्या तारा आंतून त्याच जमिनीच्या जोडणीस बांधलेल्या असतात. वादकाचे हात तारांवर असतात आणि ओंठ मायक्रोफोनपाशीं. जोडणींत दोष असेल तर वीज मधल्या माणसांतून जाते. १९७२ सालीं वेल्समधील स्वान्सी येथें लेस्ली हार्वे हा तरुण गिटारवादक जमिनीशीं न जोडलेल्या मायक्रोफोनच्या स्पर्शानें रंगमंचावरच मरण पावला. गुणगुण घालवावयाची असेल तर डी. आय. पेटीवरील ‘ग्राउंड लिफ्ट’ कळ वापरावी. ती ध्वनीच्या केबलीपुरती जमीन तोडते, विजेच्या प्लगची नव्हे.

शेवटीं पैसे मोजण्यापूर्वींची परीक्षा. शक्य असेल तर वाद्य किंवा पेडल एका तालमीपुरतें उसनें मागावें. आवाज कार्यक्रमांत असतो तेवढाच ठेवावा, आणि एकदां दुसऱ्याच्या हातीं वाद्य देऊन स्वतः खोलीच्या दूरच्या टोकाला जाऊन ऐकावें. पेडल दाबण्यापूर्वीं व दाबल्यावर आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी. कारण जें मोठें तेंच चांगलें, असा कानाचा भ्रम असतो. आणि पेडल दाबतांना आपल्या पायाकडे न पाहतां सोबत्यांच्या चेहऱ्यांकडे पाहावें. वाद्याविषयीं जें विक्रेता सांगणार नाहीं तें ते चेहरे सांगतात.

त्या संमेलनानंतर त्या गाणाऱ्या मुलीची मीं क्षमा मागितली. ती म्हणाली, “अरे, तुझा सूर गेला आणि मला अंधारांत जिन्याची पायरी चुकल्यासारखें झालें.” बेस गिटारचें काम काय, हें इतक्या नेमक्या शब्दांत मला आजवर कोणी सांगितलेलें नाहीं. नवें पेडल हातीं आलें कीं मी तें दाबतों, आणि पायरी जागच्या जागीं आहे ना, एवढेंच आधीं पाहतों.