तीन शेजारी नगरे

मुंबईहून निघालेली आगगाडी कल्याणला पोहोचली, की पुढे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याच्या घाटाकडे जातो. दुसरा उजवीकडे वळून कर्जतच्या दिशेने धावू लागतो. या दुसऱ्या मार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके अर्ध्या तासाच्या आत एकामागून एक येऊन जातात. मलंगगडाचे आणि चंदेरीचे सुळके खिडकीतून दिसत असतात; परंतु एक नगर कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले हे मात्र आता सहजी ओळखता येत नाही. एके काळी त्यांच्यामध्ये भाताची खाचरे होती.

ही तीन नगरे शेजारी खरी, पण एकसारखी नव्हेत. माणसाप्रमाणेच नगरालाही पोटापाण्याचा उद्योग करावा लागतो. बाहेरून पैसा आला, तरच त्याची दुकाने चालतात, घरे उभी राहतात आणि नगरपालिकेच्या तिजोरीत कर जमा होतो. हा पैसा मिळविण्याच्या तीन निराळ्या रीती या तीन नगरांत पाहावयास मिळतात.

उल्हासनगराची कथा युद्धापासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या मोकळ्या माळावर इंग्रज सरकारने सैनिकांची एक मोठी छावणी वसविली होती. युद्ध संपले, सैनिक गेले, आणि लांबच लांब बराकींच्या ओळी तेवढ्या मागे राहिल्या. लवकरच, १९४७ मध्ये, देशाची फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल हे प्रांत विभागले गेले. त्यांचा काही भाग तरी भारतात राहिला. सिंध मात्र सबंधच पाकिस्तानात गेला. त्यामुळे कराची, हैदराबाद, शिकारपूर, सक्खर येथून आलेल्या सिंधी हिंदूंना आपला म्हणावा असा भूभागच उरला नाही. त्यांच्यापैकी सुमारे एक लाख निर्वासितांना या ओस पडलेल्या छावणीत जागा देण्यात आली. एकेका बराकीत मध्ये पडदे बांधून अनेक कुटुंबांनी संसार थाटले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उद्घाटन झाले आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिचे नाव उल्हासनगर ठेवण्यात आले. घरदार गमावून आलेल्या लोकांच्या वस्तीला मिळालेले हे नाव! छावणीच्या पाच भागांना मात्र लोक अद्यापही ‘कॅम्प’ असेच म्हणतात.

या लोकांजवळ शेती नव्हती, खाण नव्हती, भांडवलही फारसे नव्हते. होते ते दोनच आधार: पिढ्यान्‌पिढ्या अंगी मुरलेला व्यापार आणि आगगाडीने दीड-दोन तासांवर असलेली मुंबईची बाजारपेठ. स्त्रियांनी घरी पापड लाटले, लोणची घातली. पुरुषांनी आणि मुलांनी तो माल आणि गोळ्या-बिस्किटे आगगाडीच्या डब्यांतून फिरून विकली. हळूहळू बराकीच्या पुढल्या भागात दुकान, मागल्या भागात कारखाना आणि वर बिऱ्हाड अशी व्यवस्था रूढ झाली. कापड, लाकडी सामान, मिठाई, विजेची उपकरणे असे कितीतरी जिन्नस येथे तयार होऊ लागले. गजानन मार्केट, जपानी बाजार, फर्निचर बाजार ही नावे मुंबई-ठाण्याच्या गिऱ्हाइकांना पाठ झाली. येथे बनलेल्या मालावर नामांकित परदेशी मालाचे शिक्के मारले जातात, असा टोमणाही या नगराला पुष्कळ काळ ऐकावा लागला, ‘यू.एस.ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ ही कोटी त्यातूनच निघाली.

लहान उद्योग एका ठिकाणी दाटीने का वाढतात, हे येथे चांगले समजते. विजार शिवावयाची, तर कापड एका गल्लीत मिळते, दोरा व गुंड्या दुसरीत, काज करणारा तिसरीत आणि धुलाई करणारा चौथीत. सगळे हाताशी असल्यामुळे एकच शिलाईयंत्र असलेला माणूसही धंद्यात शिरू शकतो. त्याला मोठी इमारत लागत नाही की मालाचा मोठा साठाही करावा लागत नाही. म्हणूनच जीन्सच्या विजारींचा मोठा व्यवसाय या नगरात उभा राहिला आणि उत्तर भारतातून, विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या कारागिरांनाही त्याने काम दिले.

मात्र ज्या जागेत हे सर्व घडले, ती जागा वाढली नाही. उल्हासनगराचे क्षेत्र अवघे १३ चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि २०११ च्या जनगणनेत तेथे ५ लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. म्हणजे एका चौरस किलोमीटरात सुमारे ३८ हजार माणसे! रस्ते आणि गटारे आखली होती ती छावणीसाठी. बराकींच्या जागी मजल्यावर मजले चढले. पुष्कळांना परवानगी नव्हती, आणि कित्येकांत निकृष्ट माल वापरला गेला. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्याला केवळ या एका शहराकरिता स्वतंत्र कायदा करावा लागला. कायद्याने कागद नियमित होतो. काँक्रीट मजबूत होत नाही. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींची छते कोसळली आणि राहत्या घरात माणसे दगावली.

अंबरनाथ हे याहून फार जुने गाव. वालधुनी नदीच्या काठी येथे जे शिवमंदिर उभे आहे, त्यातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. शिलाहार राजांच्या काळचे हे काळ्या पाषाणातील कोरीवकाम पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. परंतु या गावाचे नगर झाले ते कारखान्यांमुळे. १८५६ मध्ये कल्याणच्या पुढे पळसदरीपर्यंत लोहमार्ग गेला. पाणी जवळ होते, जमीन स्वस्त होती आणि मुंबईचे बंदर लांब नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच धरमसी मोरारजी कंपनीचा रसायनांचा आणि ‘विम्को’चा आगकाड्यांचा कारखाना येथे निघाला. पुढे संरक्षण खात्याचे कारखाने आले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर अंबरनाथच्या माळावर औद्योगिक वसाहतीही आखण्यात आल्या.

महामंडळाची रीत उल्हासनगराच्या अगदी उलट होती. उल्हासनगरात माणसे आधी आली आणि सोयी मागून. येथे जमीन घेऊन रस्ते, पाणी आणि वीज आधी पुरवावयाची, भूखंड पाडावयाचे आणि मग कारखानदाराला बोलवावयाचे, असा क्रम होता. कारखान्यातून महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, त्या पगारावर किराणा दुकान, शिंपी, शाळा, दवाखाना असे सारे नगर उभे राहते. पण यातही एक धोका असतो. एखादा मोठा कारखाना बंद पडला, तर त्याच्याबरोबर त्या सगळ्या दुकानांची विक्रीही मंदावते. विम्कोचा कारखाना बंद झाल्यावर त्याचे नाव तेथील नाक्याला तेवढे उरले.

बदलापूरची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. पूर्वी प्रवासात येथे घोडे बदलीत, म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. भाताची शेती आणि जांभळाची झाडे हे या भागाचे धन होते. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मुंबईत आणि ठाण्यात घर घेणे न परवडणारी नोकरदार कुटुंबे येथे येऊ लागली. २००१ मध्ये सुमारे ९८ हजार असलेली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या दहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या घरात गेली. येथील पुष्कळ लोक पहाटेच्या गाडीने कामाला जातात आणि रात्री परततात. कमाई मुंबईत, खर्च बदलापुरात, अशी ही तिसरी रीत. मात्र घरांची मागणी वाढताच बांधकाम उल्हास नदीच्या काठापर्यंत सरकले. २६ जुलै २००५ ला नदी वस्तीत शिरली. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि शेकडो उतारूंना होड्यांतून बाहेर काढावे लागले. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. रेषा नकाशावर असते. पाण्याला नकाशा वाचता येत नाही; तो माणसाने वाचावयाचा असतो.

नगरांच्या सीमाही पाणी जाणत नाही. वालधुनीचेच पाहा. ही लहानशी नदी अंबरनाथजवळ काकोळ्याच्या डोंगरात उगम पावते. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेने तेथे एक तलाव बांधला होता. त्याचे पाणी इतके चांगले, की ते शुद्ध करून बाटल्यांत भरण्याचा रेल्वेचा कारखाना तेथे निघाला. तीच नदी पुढे शिवमंदिराजवळून वाहते, अंबरनाथच्या आणि उल्हासनगरच्या वस्तीतून जाते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. पण तोवर कारखान्यांचे आणि घराघरांचे सांडपाणी पिऊन ती काळी झालेली असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये या नदीच्या पात्रात घातक रसायने सोडून देण्यात आली आणि त्यांच्या वायूने उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. पुढे जीन्स धुणारे पुष्कळ कारखाने बंद करावे लागले. नदीसाठी हे आवश्यकच होते. परंतु ज्या धंद्याची चौथी गल्ली बंद झाली, त्याच्या पहिल्या तीन गल्ल्यांतील शिंप्यांनी आणि मजुरांनी काय करावे, याचा विचार आधी कोणी करून ठेवला नव्हता. सर्वांच्या सांडपाण्यासाठी एकच शुद्धीकरण केंद्र वेळेवर बांधले असते, तर नदी आणि रोजगार यांत निवड करण्याची पाळी कदाचित आली नसती.

असा विचार आधी करावा, यासाठीच नगराचा विकास आराखडा तयार करतात. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने तो करणे नगरपालिकांना बंधनकारक केले. प्रथम प्रत्येक जमिनीचा उपयोग पाहून नोंदतात. मग पुढील वीस वर्षांत किती लोक वाढतील याचा अंदाज घेऊन शाळा, मैदाने, रुग्णालये, रस्ते आणि बाजार यांकरिता जागा राखून ठेवतात. हा आराखडा पक्का होण्यापूर्वी तो लोकांसाठी प्रसिद्ध केला जातो, आणि ठराविक मुदतीत कोणाही नागरिकाला हरकत किंवा सूचना लेखी देता येते. बहुतेकांना ही मुदत संपल्यावरच कळते, ही गोष्ट निराळी. शिवाय राखलेली जागा नगरपालिकेने दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊन ती परत मोकळी करून मागू शकतो. आराखड्यातील मैदान अशा रीतीने मैदान होण्यापूर्वीच नाहीसे होऊ शकते.

शिवाय प्रत्येक नगराचा आराखडा निराळा. १९८३ मध्ये अंबरनाथ आणि बदलापूर ही कल्याणच्या महापालिकेत घालण्यात आली होती. १९९२ मध्ये ती पुन्हा वेगळी झाली आणि त्यांना स्वतंत्र नगरपरिषदा मिळाल्या. कारभार जवळ आला, हे चांगलेच झाले. पण नदी, रस्ता आणि पाण्याचा नळ ही मात्र सामाईकच राहिली.

त्यांपैकी पाण्याचा हिशेब तर या तिन्ही नगरांच्या बाहेर जाऊन पोहोचतो. नदीचे नाव धारण करणाऱ्या उल्हासनगराला स्वतःचा पाणीपुरवठा नाही; औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणातून त्याला पाणी मिळते. बदलापूरजवळचे हे धरण १९७२ मध्ये पुरे झाले आणि ठाणे जिल्ह्यातील नगरांची तहान वाढत गेली तशी त्याची उंचीही टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. शेवटच्या टप्प्याचे पाणी २०१९ च्या पावसाळ्यात भरले, तेव्हा मुरबाड तालुक्यातील काही गावे आणि पाडे त्याखाली गेले. तेथील लोकांनी त्यापूर्वी कित्येक वर्षे गाव सोडण्यास नकार देऊन नुकसानभरपाई आणि नोकरी मागितली होती. अखेर बाधित कुटुंबांतील एकेकाला महामंडळात, किंवा या धरणाचे पाणी घेणाऱ्या महापालिकांत आणि नगरपरिषदांत, नोकरी देण्याचे ठरले. त्यांच्यापैकी काहींना आता त्याच नगरांच्या कचेऱ्यांत काम मिळाले आहे, ज्यांच्या नळांना त्यांच्या बुडालेल्या शेतांवरचे पाणी येते.