कॉलेजचे 'स्पोर्ट्स सर' नेमकं काय करतात?

पद एक, कामं दोन

वर्ध्याचं जानकीदेवी बजाज विज्ञान महाविद्यालय असो की हिंगणघाट-आर्वीकडचं एखादं कॉलेज, मुलं ज्यांना 'स्पोर्ट्स सर' म्हणतात त्यांचं कागदावरचं पद शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक असं असतं. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत फुटबॉल संघाचा प्रशिक्षक आणि क्रीडा विभागाचा प्रमुख ही दोन वेगळी माणसं असतात. आपल्याकडे दोन्ही कामं एकाच माणसाकडे. सकाळी मैदानावर शिट्टी, दुपारी कार्यालयात फाइल. आणि हे फुटबॉलपुरतंच नाही. कबड्डी, खो-खो, क्रॉस कंट्री, बुद्धिबळ, सगळे संघ त्यांनीच उभे करायचे.

या नोकरीसाठी शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी लागते, सोबत सहसा नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाची एक अट अशी आहे, जी मराठीच्या किंवा रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला कुणी घालत नाही. तिशीच्या आतल्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १८०० मीटर आणि महिला उमेदवाराने ८ मिनिटांत १००० मीटर अंतर कापून दाखवायचं. वय वाढेल तसं अंतर कमी होतं. नोकरी लागली की मात्र बरीचशी धावपळ कागदांचीच.

वर्ध्याहून पुढची वाट

जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत. कॉलेजचा संघ आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. तिथे चमकलेल्या मुलांची निवड चाचणी होते, त्यातून विद्यापीठाचा संघ ठरतो आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथले वरचे संघ अखिल भारतीय फेरीत खेळतात.

या स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघाच्या छत्राखाली होतात. खेळाडूचं वय १७ ते २५, बारावी उत्तीर्ण आणि नियमित प्रवेश ही किमान अट. म्हणजे पात्रता अर्ज, बारावीची गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, प्राचार्यांची सही. शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख आणि गुणपत्रिकेवर दुसरी निघाली, की संघातला सगळ्यात चपळ फॉरवर्ड बाहेर बसतो. त्या वेळी डावपेचांपेक्षा सरांचा कागदांचा सरावच कामी येतो.

हिस्लॉपचे बारसे सर

या पेशातलं विदर्भातलं सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे विजय बारसे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमध्ये ते क्रीडा शिक्षक होते. २००१ साली भर पावसात वस्तीतली काही मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. जगाला तो 'स्लम सॉकर' म्हणून ठाऊक आहे, त्यामागची संस्था क्रीडा विकास संस्था, नागपूर.

लोक कौतुक करताना बादलीपाशी थांबतात. माझ्या मते खरी करामत त्यापुढची. बादली कुणालाही दिसली असती, पण वस्त्यावस्त्यांतून शंभरावर संघ गोळा करायचे, त्यांचं वेळापत्रक बसवायचं, मैदान आणि पंच मिळवायचे, हे ज्याने वर्षानुवर्षं कॉलेजचे सामने लावले त्यालाच जमणार. बारशांनी आपल्या नोकरीतलं हे कसब पुरेपूर वापरलं, फक्त पात्रता अर्ज तेवढा वगळला. ना बारावीची अट, ना प्रवेशाची पावती.

निवृत्तीनंतर

निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या सुमारे १८ लाखांतून त्यांनी नागपूरबाहेर या कामासाठी जमीन घेतली. मुलगा अभिजित अमेरिकेतून परतून कामात उतरला. २००७ पासून या कामातून उभा राहिलेला भारताचा संघ बेघरांच्या विश्वचषकात खेळू लागला. ही स्पर्धा छोट्या मैदानावर होते, एका वेळी एका संघाचे चारच खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. नागपूरच्या वस्तीतला अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओच्या स्पर्धेत भारताचा कर्णधार होता. २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार स्लम सॉकरला मिळाला. २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट आला, त्यातले अमिताभ बच्चन यांचे विजय बोराडे बारशांवर बेतलेले आहेत.

वर्ध्यातल्या खेळाडूंसाठी

बारशांच्या मैदानावर कागद लागत नाही, विद्यापीठाच्या मैदानावर लागतो. म्हणून कॉलेजात प्रवेश घेतानाच दाखला आणि गुणपत्रिका शेजारी ठेवून नाव व जन्मतारीख जुळते का पाहा. फरक असेल तर तेव्हाच स्पोर्ट्स सरांकडे जा. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात गेलात तर तेही काही करू शकत नाहीत.