विमान चुकले तर दुसऱ्या विमानतळावरून जाता येते का?

नाशिकच्या व्यापाऱ्याला दूरचे विमान पकडायचे म्हणजे बहुधा आधी कसारा घाट उतरावा लागतो. ओझरहून काही शहरांना थेट विमाने आहेत, पण ती मोजकीच. २०१७ च्या डिसेंबरात उडान योजनेखाली ओझर-मुंबई लहान विमान सुरू झाले होते. मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर सोयीची वेळ मिळेना आणि ती सेवा टिकली नाही. गंमत अशी की ओझरच्या मालवाहू तळावरून शेळ्या-मेंढ्या विमानाने थेट शारजाला गेल्या, पण शारजाला जाणारा व्यापारी मात्र अजून मुंबईच गाठतो.

आता मुंबईलाच दोन विमानतळ झाले आहेत. सहार-सांताक्रूझचे जुने आणि उलवे-पनवेलजवळचे नवी मुंबईचे. नव्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. तेव्हापासून एक प्रश्न साहजिकच विचारला जातो. सहारचे विमान चुकले किंवा भरले, तर त्याच तिकिटावर नवी मुंबईहून 'चान्स'वर जाता येईल काय? दिल्लीच्या प्रदर्शनात गाळा घेतलेला कारागीर असो, की मुरादाबादला पितळेचा माल बघायला निघालेला भांडेवाला, एका दिवसाची चूक त्याला महाग पडते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतलेले बरे.

उत्तर थोडक्यात असे: चूक आपली असेल तर नाही. चूक कंपनीची असेल तर मागता येते, पण मागावे लागते.

चान्सचा जमाना

इंडियन एअरलाइन्सची मक्तेदारी होती तेव्हा जागा कमी आणि माणसे फार अशी स्थिती असे. प्रतीक्षा यादीवरचे तिकीट घेऊन लोक विमानतळावर जात, काउंटरजवळ उभे राहत आणि कोणी आले नाही की त्याच्या जागी आत जात. यालाच चान्सवर जाणे म्हणत. १९९० नंतर खाजगी कंपन्या आल्या, १९९४ मध्ये मक्तेदारीचा १९५३ चा कायदा रद्द झाला आणि हा प्रकार ओसरू लागला. (त्या पहिल्या फळीतील ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स केरळच्या तकियुद्दीन वाहिद यांनी मुंबईत ट्रॅव्हल एजन्सीच्या धंद्यातून पुढे येत उभी केली होती. १९९५ मध्ये त्यांची हत्या झाली आणि पुढे कंपनीही बंद पडली. आपल्या व्यापारी वर्गाने हे नाव विसरू नये.)

एकाच शहराच्या दोन विमानतळांवरून चान्सचा धंदा कसा चालला, याचे उत्तम उदाहरण लंडनचे आहे. फ्रेडी लेकर या इंग्रज उद्योजकाने २६ सप्टेंबर १९७७ रोजी गॅटविक विमानतळावरून न्यूयॉर्कला 'स्कायट्रेन' सुरू केली. आगाऊ आरक्षण नाही. रांगेत उभे राहा, ५९ पौंड मोजा, जागा असेल तर बसा. मोठ्या कंपन्या लंडनच्याच हीथ्रो विमानतळावरून उडत. गिऱ्हाईक हातचे जाताना दिसताच त्यांनीही रिकाम्या जागा स्टँडबाय म्हणून स्वस्तात विकायला काढल्या. प्रवासी दोन्हीकडे नशीब आजमावू शकत होता. लेकरची कंपनी ५ फेब्रुवारी १९८२ रोजी बुडाली.

यातली ग्यानबाची मेख व्यापाऱ्याच्या चटकन लक्षात येईल. तो प्रवासी दोन विमानतळांत मोकळा फिरू शकला, कारण त्याच्या हाती तिकीट नव्हते, रोकड होती. रोकड कुठेही चालते. तिकीट मात्र एका कंपनीशी, एका तारखेशी, एका विमानाशी आणि एका विमानतळाशी झालेला करार आहे. सहारचे तिकीट हाती असलेला माणूस उलव्याला गेला, तर दारावरचा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान त्याला आतच सोडणार नाही. मग काउंटरजवळ उभे राहून चान्स मिळवण्याचा प्रश्नच उरत नाही. नवे तिकीट काढावे लागते, आणि ऐनवेळचे तिकीट सर्वांत महाग असते.

तिकिटावरची तीन अक्षरे

म्हणून पहिले काम तिकीट वाचण्याचे. सहार-सांताक्रूझची तीन अक्षरे बीओएम, नवी मुंबईची एनएमआय. एजंटाने मोबाइलवर पाठवलेल्या तिकिटावर मोठ्या अक्षरात 'मुंबई' दिसले की आपण निश्चिंत होतो. तसे होऊ नये. बीओएम असेल तर पहिले टर्मिनल की दुसरे, हेही पाहावे. चुकीच्या विमानतळावर पोचलेला प्रवासी कंपनीच्या हिशेबी 'गैरहजर' ठरतो.

गैरहजर ठरल्यावरही सगळे पैसे बुडत नाहीत, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमानुसार प्रवास न झालेल्या तिकिटावरील सरकारी कर आणि विमानतळ शुल्क कंपनीने परत केले पाहिजे. समजा तिकीट ६,००० रुपयांचे आहे. त्यात ४,८०० मूळ भाडे व इंधन आकार आणि १,२०० कर व शुल्क. ४,८०० गेले, पण १,२०० मागता येतात. पाच कारागीर एकत्र निघाले असतील तर ही रक्कम ६,००० होते, म्हणजे एका माणसाचे तिकीट. हे पैसे मागितल्याशिवाय बहुधा येत नाहीत. एजंटाला लेखी सांगावे.

आता दुसरी बाजू. आपण वेळेत पोचलो, चेक-इन खिडकी उघडी आहे, तिकीट पक्के आहे, आणि कंपनी म्हणते विमान भरले. कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटे विकतात, त्यामुळे असे घडते. अशा वेळी कंपनीने आधी स्वखुशीने जागा सोडणारे प्रवासी शोधायचे असतात. तरीही आपल्याला उतरवले, तर एका तासाच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात जागा दिल्यास भरपाई नाही. २४ तासांच्या आत सुटणारे विमान दिले तर एकेरी मूळ भाडे व इंधन आकाराच्या दुप्पट, जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्याहून उशिराचे दिले तर चौपट, जास्तीत जास्त २०,००० रुपये. अशा वेळी त्याच कंपनीचे किंवा दुसरीचे विमान नवी मुंबईहून दोन-तीन तासांत असेल, तर ते आपण स्वतः सुचवावे. काउंटरवरचा मुलगा आपल्याच विमानतळावरचे उद्याचे विमान दाखवून मोकळा होतो. तिथवर गाडीने नेण्याचा खर्च कोणाचा, हेही तिथेच विचारून लिहून घ्यावे.

विमानच रद्द झाले तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातली निवड प्रवाशाची. आधी कळवले नसेल तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत, किंवा भाडे कमी असेल तर तेवढी, भरपाईही आहे. वादळ, संप, दंगल अशा कारणांना ती लागू नाही. आणि एक अट अशी की बुकिंगच्या वेळी संपर्काचा नंबर नीट दिलेला असला पाहिजे. इथे आपले बांधव फसतात. एजंट आपलाच नंबर टाकतो. विमान रद्द झाल्याचा निरोप रात्री अकराला त्याच्या मोबाइलवर येतो, तो झोपलेला असतो, आणि गिऱ्हाईक पहाटे तीनला नाशिकहून गाडी काढतो. कंपनी म्हणते, आम्ही कळवले होते. तिकिटावर स्वतःचा नंबर घालण्याचा आग्रह धरावा, त्यात एजंटाने रागावण्यासारखे काही नाही.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात हे सारे देशाने पाहिले. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी इंडिगोने पुरेशी केली नव्हती आणि ५ डिसेंबरला एका दिवसात तिची हजारावर उड्डाणे रद्द झाली. उरलेल्या जागांचे भाव असे चढले की ६ डिसेंबरला सरकारला कमाल भाडे ठरवून द्यावे लागले: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. नवी मुंबईचा तळ त्यानंतर तीन आठवड्यांनी सुरू झाला. तो आधी असता तरी फार फरक पडला नसता असे आमचे मत आहे. दोन विमानतळ असून कंपनी एकच असेल, तर ती बसली की दोन्हीकडे बसते. दुसरा चान्स शोधताना विमानतळाबरोबर कंपनीही बदलून पाहावी.

निर्णय खारेगावच्या आधी

नाशिकहून रस्त्याने जाणाऱ्याला एक सोय आहे, जी मुंबईकराला नाही. आपण शहरात शिरण्याआधीच दोन्ही वाटा फुटतात. भिवंडी, माणकोली मागे टाकून खारेगावला आले की सरळ ठाण्यावरून सहारकडे जाता येते, किंवा मुंब्रा बायपास, शीळफाटा, कळंबोलीमार्गे नव्या विमानतळाकडे. आपल्या कांद्या-द्राक्षांचे कंटेनर ज्या रस्त्याने न्हावा-शेव्याला जातात, साधारण तोच हा रस्ता. त्या कंटेनरांमुळेच मुंब्रा बायपासवर कोंडी होते, हेही मालवाल्यांना सांगायला नको. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला, त्याने घाट टळतो. पुढची गर्दी टळत नाही.

म्हणून विमान चुकणार असे वाटू लागले, तर ठाण्याच्या पुलावर अडकेपर्यंत थांबू नये. इगतपुरीच्या आसपासच एजंटाला किंवा कंपनीला फोन लावावा. चेक-इन देशांतर्गत विमानाला साधारण एक तास आधी बंद होते आणि तिकिटातील बदल त्याच्याही काही तास आधीपर्यंतच घेतात. विचारायचे प्रश्न दोनच. याच कंपनीचे आजचे विमान दुसऱ्या विमानतळावरून आहे का, आणि ते 'बदल' म्हणून मिळेल की जुने रद्द करून नवे काढावे लागेल. कित्येकदा दुसरेच उत्तर मिळते. तसे असेल तर आधी नवे पक्के करावे, मग जुने रद्द करावे. उलट केल्यास दोन्ही हातचे जाते. रद्द करण्याचा आकार मूळ भाडे व इंधन आकारापेक्षा जास्त घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. परतीचे तिकीट त्याच नोंदीत असेल, तर जाण्याचा भाग न वापरल्यास परतीचाही रद्द होणार का, हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नये.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी ठाणे हेच वळण. पंचवटी ठाण्याला थांबते आणि तेथून पनवेलची ट्रान्स-हार्बर लोकल मिळते. सहारला पोचून मग उलव्याला जायचे झाले तर मध्ये सारे शहर आडवे येते. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला असला तरी सहारहून शिवडीपर्यंत पोचण्यातच वेळ जातो.

सामानाबद्दल कारागिरांना एक सूचना. ऐनवेळी दुसरे विमान पकडताना पेटी चेक-इनला घ्यायची वेळ निघून गेलेली असू शकते. मग ती हातात घेऊन जाऊ म्हटले तर छिन्नी, पटाशी, कात्री, पेचकस सुरक्षा तपासणीत अडकतात आणि तिथेच टाकून द्यावे लागतात. हातच्या पिशवीत फक्त नमुने, कागद आणि पॉवर बँक असावी, कारण पॉवर बँक उलट चेक-इनच्या पेटीत चालत नाही. हत्यारांची पेटी शक्य तर आधीच रेल्वे पार्सलने पाठवावी.

दुसऱ्या टोकालाही हाच विचार लागू पडतो. दिल्लीला पालमखेरीज गाझियाबादचे हिंडन आहे. २०२५ पासून मुंबईहून तिथे विमाने जाऊ लागली, आणि मुरादाबादला जाणाऱ्याला ते पालमपेक्षा जवळ पडते, दिल्ली ओलांडावी लागत नाही. आखातात दुबई आणि शारजा यांच्यात मोटारीने थोडेच अंतर आहे. एअर अरेबियाचे शारजाचे विमान भरले तर दुबईहून दुसऱ्या कंपनीचे शोधता येते, फक्त ते वेगळे तिकीट असते आणि पहिल्या कंपनीचा त्याच्याशी संबंध नसतो. आणि दुसऱ्या शहराहून नवी मुंबईला उतरून सहारहून आखातचे विमान पकडणार असाल, तर दोन वेगळ्या तिकिटांवर सामान आपोआप पुढे जात नाही. ते पट्ट्यावरून उचलून, टॅक्सीत घालून, सहारला पुन्हा तोलावे लागते. मध्ये निदान सहा-सात तास हवेत. कंपनीशी वाद झालाच तर सरकारच्या एअरसेवा या ठिकाणी तक्रार नोंदवता येते. बोर्डिंग पास, रद्द झाल्याचा निरोप आणि टॅक्सीची पावती तोपर्यंत जपून ठेवावी.